शेवटच्या राफ्टची घडी

मावशींचं काम असं होतं, की ते कधी कुणाच्या उपयोगी पडू नये असं त्या स्वतःच रोज देवाला सांगायच्या.

गोदीच्या मागच्या अंगाला, रंगांच्या कोठारापलीकडे, एक लांबुळकी पत्र्याची शेड आहे. तिथे राफ्ट तपासतात. राफ्ट म्हणजे रबराचा तराफा. जहाजाच्या कठड्याशी पांढऱ्या पिंपांसारखे जे डबे आडवे बांधलेले असतात, त्यांच्या पोटात तो घडी घालून निजवलेला असतो. जहाजावर वाईट वेळ आली की डबा पाण्यात लोटायचा आणि दोरी ओढायची. आतला गॅसचा बाटला सुटतो, राफ्ट फुगतो, आणि बघता बघता छतासकट एक खोलीच पाण्यावर उभी राहते. वर्षातून एकदा असा प्रत्येक डबा शेडमध्ये येतो. राफ्ट फुगवून बघायचा, रबर जिथे दमलं असेल तिथे ठिगळ लावायचं, शंखजिऱ्याची पांढरी पूड भुरभुरायची आणि पुन्हा घडी घालून डबा बंद करायचा. ही घडी मावशींची.

शिंप्याचा सदरा कुणीतरी घालून मिरवतं, सुताराच्या खुर्चीत कुणीतरी ऐसपैस बसतं. मावशींनी घातलेली घडी मात्र वर्षाने मावशीच उघडायच्या. "माझं काम कुणाला दिसलं, तर समजायचं काहीतरी वाईट झालंय," असं त्या हसत सांगायच्या. झाकण बसवून पट्टे आवळले की त्या त्यावर तळहात ठेवत आणि पुटपुटत, "कुणाला तुझी गरज पडू नये. आणि पडलीच, तर दगा देऊ नकोस." शेडमधला दुसरा जुना माणूस तेवढा वेळ टोपी काढून उभा राहायचा. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण राफ्टमधल्या सामानाच्या पिशवीत पाणी, टॉर्च आणि आरसा यांच्याबरोबर एक शिट्टी असते आणि ती वाजवून बघायचं काम त्याचं होतं. तो देवाबिवाला मानत नसे. पण म्हणायचा, "देव असो नसो, मावशींसमोर टोपी घालून उभं राहायची माझी हिंमत नाही."

शेडच्या नियमांत मावशी कुणाची गय करत नसत. दाराशी एक ॲल्युमिनियमची ताटली होती. अंगठी, बांगडी, घड्याळ, पेन, केसांतली पिन, जे काही टोचेल ते तिथे काढून ठेवायचं. एका बड्या अधिकाऱ्याला खिशातल्या पेनापायी त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, आणि तेही "साहेब, जरा" एवढ्या दोन शब्दांत. आत भिंतीवर हत्यारांचा बोर्ड. पांढऱ्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगात रंगवलेली, आणि त्या आकृतीवर ते हत्यार टांगलेलं. झाकण लावायच्या आधी बोर्डाकडे बघायचं. कुठे लाल दिसलं तर हत्यार जागेवर नाही, म्हणजे कदाचित आत राहिलंय. मग झाकण लावायचं नाही.

पण एक वस्तू त्या बोर्डावर नव्हती, आणि ती मावशींचीच होती.

ठिगळ चिकटवलं की त्यावरून छोटा रोलर फिरवून आतली हवा काढावी लागते. मावशी नव्याने कामाला लागल्या तेव्हा सरकारी रोलर इतका जड होता की संध्याकाळी मनगट सुजायचं. त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, त्याच गोदीत लेथवर होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बसून पितळेचं एक नाण्याएवढं चाक कातलं, मोडक्या दाराच्या लाकडाची मूठ केली आणि मावशींच्या हातात ठेवली. त्या दिवसापासून तो रोलर मावशींच्या ॲप्रनच्या खिशात. मूठ त्यांच्या अंगठ्याच्या मापाने झिजून गेलेली. सरकारी नसल्यामुळे त्याला बोर्डावर जागा नव्हती, आणि मावशींचा असल्यामुळे कुणी विचारलं नाही.

"लग्नानंतर बायकांना दागिना मिळतो. मला रोलर मिळाला," असा टोमणा मावशी वर्षातून दोनदा तरी मारायच्या.

काकांचं उत्तर ठरलेलं. "दागिना असता तर दाराशी ताटलीत काढून ठेवावा लागला असता. हा आत नेता तरी येतो."

त्या वर्षी आपल्या सरकारचा आणि एका लांबच्या, बेटांच्या देशाचा करार झाला. लांबचा म्हणजे किती, हे बघायला शिट्टीने भिंतीवरच्या नकाशावर वीत लावली, तर वीत पुरली नाही. त्या देशाकडे जमीन मूठभर आणि समुद्र अफाट. परक्या बोटी त्यात शिरून मासळी ओढून न्यायच्या, चोरटा माल उतरवायच्या, आणि राखणीला त्या देशाकडे बोटी जेमतेम. आपली मालवाहू जहाजंही त्याच वाटेने जातात, म्हणून आपल्यालाही तो समुद्र शांत हवा. तेव्हा ठरलं असं, की आपण त्यांना एक गस्तीची बोट द्यायची, त्यांची माणसं शिकवून तयार करायची, आणि समुद्रात काय दिसतं ते दोन्ही नौदलांनी एकमेकांना कळवत राहायचं.

काका आता निवृत्त झालेले. पेपर वाचून म्हणाले, "शेजारचा भिंतीवरून भांडतोय इतकी वर्षं, त्याच्याशी करार होत नाही. आणि हे चालले समुद्रापलीकडे मैत्री करायला."

"शेजाऱ्याशी तुम्ही भांडता. सरकार कुठे भांडतं?" मावशी म्हणाल्या आणि डबा घेऊन निघाल्या.

करारातला एक छोटासा तुकडा मावशींच्या शेडमध्ये येऊन पडला. त्या देशात राफ्ट तपासायची सोयच नव्हती. वर्षाने बोट परत इथवर आणायची म्हणजे निम्मं वर्ष जाण्यायेण्यातच जायचं. म्हणून तिथेही एक शेड उभी राहणार होती, आणि ती चालवायला त्यांच्या नौदलातली एक बाई शिकायला आली. तिशीची, ठेंगणी, मजबूत मनगटांची. घरी आजीपाशी मुलगा ठेवून आलेली. तिचा नवरा त्याच गस्तीच्या बोटीवर इंजिनाकडे होता आणि तोही इथेच शिकत होता. शेडने तिचं नाव ठेवलं पाहुणी.

पहिल्या दिवशी पाहुणीने राफ्टची घडी घातली ती चादरीसारखी. झटझट, चौकोनी, देखणी. मावशींनी ती उलगडली.

"का?" पाहुणीने विचारलं. तिला एवढं यायला लागलं होतं.

"अंथरुणाची घडी चुकली तर सुरकुती पडते. ही चुकली तर उलगडतच नाही. चल, परत."

परत म्हणजे किती वेळा परत, ते त्या दोघींनाच ठाऊक. दुपारपर्यंत पाहुणी पांढऱ्या पुडीने माखून भुतासारखी दिसायला लागली. शिट्टी म्हणाला, "मावशी, परक्या देशाची बाई आहे. जरा सबुरीने."

"राफ्टला देश कळतो का?" मावशी म्हणाल्या. पण संध्याकाळी आपल्या डब्यातला अर्धा खाऊ तिच्यापुढे सरकवला, आणि दुसऱ्या दिवसापासून डबाच दोघींचा यायला लागला.

पाहुणी भाषा शिकली ती सगळी मावशींच्या तोंडून. मावशी तिला 'तू' म्हणायच्या, म्हणून ती सगळ्यांना 'तू' म्हणायची. एकदा शेडचे साहेब आले, तर ती दारात आडवी उभी राहिली. "तू आधी घड्याळ काढ." साहेबांनी मावशींकडे बघितलं. मावशी ठिगळ न्याहाळत होत्या. साहेबांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "शिकवण पुरेपूर उतरली म्हणायची."

हळूहळू तिचा हात बसला. मावशींच्या लक्षात आलं, की कडेला घडी घेताना ही बोटाने चाचपून मगच दाबते. ते त्यांनी तिला शिकवलेलं नव्हतं. त्यांना ते आवडलं आणि त्यांनी तसं सांगितलं नाही. त्याऐवजी एके दिवशी खिशातला रोलर काढून तिच्या हातात दिला. "घे. सरकारी रोलरने मनगट जाईल तुझं." तोवर त्या रोलरला मावशींशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. पुढे ठिगळाच्या वेळी तो या हातातून त्या हातात जायला लागला, कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही, नुसता हात पुढे झाला की रोलर त्यात.

बोट सुपूर्द करायचा दिवस बड्या लोकांच्या सोयीसाठी अलीकडे ओढला गेला. बाहेर धक्क्यावर बँडची तालीम चाललेली, आणि शेडमध्ये चार राफ्टपैकी शेवटचा अजून जमिनीवर पसरलेला. घडी घालायला घ्यायची, तोच तळाच्या शिवणीजवळच्या ठिगळाखाली पाहुणीला बुडबुडा दिसला. दोघी गुडघ्यांवर बसून तो रोलरने काढत होत्या, इतक्यात दारात गर्दी झाली. त्या देशाचे मोठे अधिकारी, आपले मोठे अधिकारी, आणि त्यांच्यापुढे उलटा चालणारा फोटोग्राफर.

"उठा, उठा. राफ्टमागे उभ्या राहा. हसा जरा."

दोघी उठल्या, हसल्या. पाहुणीच्या देशाच्या अधिकाऱ्याने मावशींशी हात मिळवला आणि पाहुणीची चौकशी केली. पाहुणी ताठ उभी राहिली. दहा जणांच्या बोलण्यात आणि बँडच्या आवाजात शेड भरून गेली आणि मग एकदम रिकामी झाली. दोघी पुन्हा खाली बसल्या. पूड, घडी, पट्टे. मावशींनी मान वर करून बोर्ड बघितला. लाल कुठेच नव्हतं. झाकण बसलं. मावशींनी तळहात ठेवला, आणि या वेळी त्यांच्या हाताशेजारी पाहुणीनेही आपला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला, भाषणं झाली, बोटीचा झेंडा बदलला. पाहुणी शेडचं सामान लावायला विमानाने पुढे गेली. जाताना मावशींच्या गळ्यात पडली, आणि मावशींनी तिच्या पाठीवरची पूड झटकल्यासारखं केलं, खरं तर पूड नव्हती. तिचा नवरा बोटीबरोबर निघाला.

त्या गडबडीत मळलेले ॲप्रन धुलाईला गेले होते. ते कडक इस्त्री होऊन परत आले, मावशींनी आपला चढवला आणि सवयीने खिशात हात घातला.

खिसा रिकामा.

आधी त्या हसल्या. धुलाईवाल्याला फोन केला. त्याने खिसे तपासूनच कपडे घेतो असं सांगितलं, रुमालाशिवाय काही नव्हतं. मग त्यांनी टेबलाखाली पाहिलं, पुडीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, शिट्टीला मोठ्या कपाटामागे वाकायला लावलं. घरी काकांनी सगळी शोधाशोध केली. तांदळाचा डबा उपसला, बुटांत बघितलं, माळ्यावर चढायला निघाले.

"अहो, माळ्यावर कशाला? माळ्यावर मी कधी जाते?"

"हरवलेली वस्तू नको तिथेच असते," काका म्हणाले. मग बायकोचा चेहरा बघून स्टुलावरून उतरले. "अगं, एवढं काय? दुसरा करून देतो. हात थरथरतो, पण चाक अजून कातीन."

मावशी खुर्चीत बसल्या. "रोलरचं नाही हो. तो आत असेल तर?"

काकांना कळायला एक क्षण लागला. लेथवर जन्म काढलेला माणूस, पितळेची धार रबरावर काय करते हे त्याला सांगावं लागत नव्हतं. बोट डुलणार, इंजिन थरथरणार, आणि त्या घट्ट घडीत चाक एकाच जागी घासत राहणार. ज्या दिवशी कुणी दोरी ओढेल त्या दिवशी राफ्ट फुगेल आणि बसत जाईल.

"त्या बोटीवर पाहुणीचा नवरा आहे," मावशी म्हणाल्या.

रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी ताटलीत बांगड्या न काढताच त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आधी दार लावून घेतलं. "मावशी, बसा. नक्की राफ्टमध्येच गेलाय का?"

"नक्की माहीत नाही. म्हणून तर आले."

"हे बघा, ही गोष्ट या शेडपुरती राहणार नाही. आपल्याला वर कळवावं लागेल, ते त्यांच्याकडे कळवणार. दोन देशांचा मामला आहे. फोटो छापून आलेत. भेट दिलेल्या बोटीत आपलीच माणसं हत्यार विसरली, असं सांगायचं? आणि तेही बोर्डावर नसलेलं हत्यार. ते मी इतकी वर्षं चालवून घेतलं." साहेबांनी कपाळ चोळलं. "वर्षाने राफ्ट उघडणारच आहे ना? तेव्हा पाहुणी काढेल. तिला गुपचूप सांगून ठेवू."

"वर्षभर तो घासत राहील, साहेब."

"कदाचित आत नसेलही."

"नसेल तर फार बरं. मी वेंधळी ठरेन, एवढंच." मावशींनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाल्या, "झाकण लावताना मी काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे. कुणाला याची गरज पडू नये. आता वर्षभर मी तेच म्हणत राहिले तर ते त्या माणसांसाठी नाही, माझी चूक झाकून राहावी म्हणून म्हटल्यासारखं होईल. मग मी देवापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? तुम्ही सांगा."

साहेबांनी टेबलावरचा चहा हातात घेतला, न पिता परत ठेवला, आणि फोन उचलला. वरून कुणीतरी विचारलं असावं, एका रोलरसाठी एवढं? कारण साहेब म्हणाले, "रोलर राहू द्या हो बाजूला. राफ्ट तपासायचा आहे."

सूत्रं हलली. बोट तेव्हा भर समुद्रात होती. तिच्या कप्तानाचं उत्तर आलं, की शेवटच्या राफ्टवर खूण केली आहे, वेळ आलीच तर माणसं बाकीच्या तीन राफ्टमध्ये दाटीवाटीने बसतील, बंदरात पोचल्यावर उघडून बघू. मावशींना सांगण्यात आलं, की सगळं उलगडेपर्यंत घडी घालायची नाही. त्या शिट्टीशेजारी बसून टॉर्च लावून-विझवून बघायला लागल्या. शिट्टीने आपल्या पिशव्या त्यांच्याकडे सरकवल्या. "मावशी, शिट्ट्याही वाजवणार का? माझा दम आताशा पुरत नाही." मावशींनी पहिल्यांदाच शिट्टी वाजवली. फुर्र असा केविलवाणा आवाज आला. "बुडालो आपण," शिट्टी म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मावशी हसल्या.

पण पाहुणीला सांगायचं राहिलं होतं. ते मावशींनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. साहेबांच्या खोलीतून फोन लावला.

"पाहुणे, ऐक. माझ्या हातून चूक झाली." मग त्यांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, कारण तिला तेवढेच येत होते, आणि सोप्या शब्दांत ते जास्तच वाईट वाटत होतं.

पलीकडे मागे कुठेतरी मूल बोलत होतं.

"मावशी," पाहुणी म्हणाली, "रोलर माझ्या हातात होता."

"काय?"

"फोटोवाला आला. रोलर माझ्या हातात. मी उठले. मी खाली ठेवला. मी."

"काहीतरीच बोलू नकोस. बुडबुडा मी काढत होते."

"मी काढत होते. तू बाजूला पूड मारत होती."

"पूड नंतर मारली. मला आठवत नाही का? मी म्हातारी झाले, खुळी नाही."

"तू म्हातारी नाही. तू हट्टी."

साहेबांनी हात जोडले. "आधी रोलर सापडू दे. मग भांडा."

फोन ठेवायच्या आधी पाहुणीचा आवाज बारीक झाला. "मावशी, तो येईपर्यंत समुद्र शांत राहू दे. तू तुझ्या देवाला सांग. मी माझ्या."

मावशींनी सांगितलं. आता सांगायला जीभ अडखळत नव्हती. काका रोज त्या समुद्राचं हवामान कुठून कुठून शोधून आणायचे आणि जेवताना वाचून दाखवायचे. शेजाऱ्यालाही हे कळलं, आणि तो भिंतीवरून विचारायला लागला, "काय म्हणतोय वारा?" काका त्याला सांगायचे. भांडण तेवढ्यापुरतं तहकूब झालं होतं.

बोट पोचली. पाहुणीची नवी शेड अजून अर्धीच रंगवलेली होती, भिंतीवर बोर्ड होता पण लाल आकृत्या काढायच्या बाकी होत्या. कुणीतरी फोन उंच धरला, आणि इकडे साहेबांच्या खोलीत पडद्यासमोर मावशी, शिट्टी, साहेब आणि परवानगी काढून आलेले काका बसले. त्यांचे अधिकारीही तिकडे उभे होते. ते आल्या आल्याच पाहुणीने त्यांच्यापुढे एक ताटली धरली. त्यांनी निमूट पेन काढून दिलं.

तिने राफ्ट फुगवला नाही. आत हत्यार असेल तर फुगवणं धोक्याचं. एकेक घडी हाताने उलगडत गेली, सावकाश, प्रत्येक कड बोटाने चाचपत. मावशींचे हात मांडीवर त्याच घड्या उलगडत होते, ते त्यांना कळतही नव्हतं. तळापाशी आल्यावर पाहुणी थांबली. घडीत हात घातला. तो बाहेर आला तेव्हा त्यात रोलर होता.

इकडे काकांनी चष्मा काढून पुसला.

"भोक?" मावशींनी विचारलं.

पाहुणीने रबर उजेडाकडे धरलं. पूड गेलेली, आणि एक नखाएवढी जागा आरशासारखी गुळगुळीत झालेली. भोक नव्हतं. अजून थोडे दिवस, आणि झालं असतं. पाहुणीच्या मागे एक दाढीवाला माणूस उभा होता. तो पुढे झाला, वाकून त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तसाच राहिला. तो तिचा नवरा, हे कुणी सांगायला नको होतं.

मग पाहुणीने ठिगळ कापलं, सोल्युशन लावलं, आणि त्याच रोलरने दाबलं. सोल्युशन वाळल्यावर राफ्ट फुगवून बघितला, शिवणींना कान लावून हवा सुटतेय का ते ऐकलं, मग हवा काढली. घडी घालायची वेळ आली. मावशींच्या ओठांवर तीनदा सूचना आली आणि तीनदा त्यांनी ती गिळली. चौथ्यांदा राहवलं नाही. "डावीकडची कड..."

"बघितली," पाहुणी मान वर न करता म्हणाली.

झाकण लावायच्या आधी तिने फोनसमोर येऊन स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, मग रोलर उंच धरला. झाकण बसलं, पट्टे आवळले. तिने तळहात ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. भाषा कळली नाही, पण शिट्टीने खोलीत बसल्या बसल्या टोपी काढली.

"मावशी, रोलर पाठवते. विमानाने."

मावशींनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मला काय विचारतेस? तुझा दागिना."

"राहू दे तिकडेच," मावशी पडद्याला म्हणाल्या. "पण बोर्डावर त्याची आकृती काढ. सगळ्यांत आधी त्याची. लाल."

चौकशी झाली. मावशींना एक लेखी ताकीद मिळाली, साहेबांना एक मिळाली, आणि दोघांनीही ती रास्त मानून घेतली. आठवड्याने मावशी पुन्हा घडीला बसल्या. काकांनी गोदीतल्या जुन्या मित्राच्या लेथवर उभं राहून नवं चाक कातलं. हात थरथरत असल्यामुळे मूठ थोडी जाड झाली. शिट्टीने ब्रश घेऊन बोर्डावर नव्या रोलरची आकृती रंगवली, आणि संध्याकाळी मावशी घरी निघताना रोलर खिशाऐवजी तिथे टांगून निघाल्या.

"म्हणजे दुसरा दागिनाही सरकारजमा," काका म्हणाले.

"मग तिसरा करा."

तो फोटो साहेबांच्या खोलीबाहेर मोठा करून लावलाय. दोन्ही देशांचे अधिकारी, मागे मावशी आणि पाहुणी. रोलर कुणाच्या हातात होता याचा निकाल लागावा म्हणून शिट्टीने भिंग लावून बघितलं. पण पाहुण्या अधिकाऱ्याचं पोट नेमकं दोघींच्या हातांपुढे आलेलं आहे. त्यामुळे महिन्यातून एकदा फोन होतो, पोराची खुशाली, समुद्राची खुशाली, आणि मग पहिल्यापासून सुरू.

"माझ्याच हातात होता."

"गप गं. माझ्या."